हँडलवरची दुर्बीण

१

एमेट सँडविक दाराची घंटा न वाजवता थेट लाथ मारतो, तेव्हा समजायचं की त्याच्या हातात काहीतरी आहे. त्या सकाळी त्याच्या हातात घोड्याच्या घोंगडीत गुंडाळलेली डचेस होती.

डचेस म्हणजे त्याच्या मेंढ्यांची राखण करणारी पांढरी कुत्री. वजनाला एखाद्या बाईइतकी आणि स्वभावाने आमच्या खोऱ्यातल्या बहुतेक बायकांपेक्षा बरी. तिचा पुढचा डावा पाय लोंबत होता आणि घोंगडी रक्ताने चिकट झाली होती.

"डॉक, हिला कुणीतरी गोळी घातली," एमेट ओरडून म्हणाला. ऐकायची यंत्रं लावायची तो घाईत विसरला होता, त्यामुळे दुःखसुद्धा ओरडूनच सांगत होता. "रात्रभर नाल्याकाठी पडून होती. शोधशोध शोधली, सापडली उजाडल्यावर."

मी जनावरांचा डॉक्टर. मोंटानाच्या या कोपऱ्यात माणसं आजारी पडली तर तीन तास गाडी हाकतात, जनावर आजारी पडलं तर माझ्या दारावर लाथ मारतात. माझी थोरली बहीण व्हर्ना माझ्याकडेच राहते. जन्मभर ती शेरीफच्या हाताखाली काम करत होती. निवृत्त झाली, पण लोकांच्या तोंडाकडे रोखून बघायची सवय गेली नाही. त्या सकाळी दिवा तिनेच धरला. पाय वाचला नाही, कुत्री वाचली.

गोळीचा तुकडा मी चिमट्याने काढून बशीत टाकला. गोळी कसली, तांब्याचा वेडावाकडा कपटा होता तो. व्हर्नाने तो माझ्या भिंगाखाली धरला.

"क्ले, तुझं कुठलं औषध हिरवं आहे का रे?"

"नाही. का?"

"याला हिरवा कण चिकटलाय." तिने तुकडा रिकाम्या बाटलीत टाकला. "आणि गोळी बारीक आहे. हरणाच्या बंदुकीची नव्हे."

ते मलाही दिसत होतं. आणि नको तो विचारही डोक्यात आला होता. तसल्या बारीक गोळीच्या रायफली आमच्या खोऱ्यात दोनच. एक एमेटची, दुसरी त्याच्या शेजारी राहणाऱ्या ऑरिन ट्वेटची. दोघं एकाच तुकडीत व्हिएतनामला गेले, एकाच विमानाने परत आले, आणि पुढे कधीतरी एकाच दुकानातून जुन्या आठवणीची तसलीच रायफल घेऊन आले. वरती उचलायचं हँडल असलेली. बायकाही दोघांच्या एकाच वर्षी गेल्या. खोऱ्यात त्यांना कुणी वेगवेगळं जेवायला बोलावत नाही.

"मी ऑरिनला विचारून येतो," एमेट म्हणाला. "नाला त्याच्या ओसरीसमोरच आहे. त्याने बघितलं असेल कुणी केलं ते."

तासाभराने तो परत आला. चेहरा पिठासारखा.

"तो म्हणतो, मीच झाडली. डचेस माझ्या मेंढ्यांत शिरली होती, म्हणून झाडली." मग त्याने टोपी काढली, परत घातली आणि निघून गेला.

"खोटं," व्हर्ना म्हणाली.

"माणूस स्वतः कबूल करतोय, बाई!"

"ऑरिन साधा ससा मारायचा तरी आधी सगळ्या शेजाऱ्यांना फोन करतो. चल, गाडी काढ."

२

ऑरिनच्या ओसरीवर त्याची मुलगी मारिट उभी होती. ती बिलिंग्जहून शनिवार-रविवारसाठी आली होती. आमची गाडी बघून ती पायऱ्या उतरून पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बरं झालं आलात. माझा तर विश्वासच बसत नाहीये."

"काय झालं नेमकं? शब्दाला शब्द सांग," व्हर्ना म्हणाली.

"एमेटकाका आले. बाबांना म्हणाले, तू रोज संध्याकाळी इथे बसतोस, नाला तुझ्या नाकासमोर, काल उजेडही होता. कुणी मारलं माझ्या डचेसला? बाबा गप्प. काका म्हणाले, अरे तुझ्या डोळ्यांसमोर झालंय, तुला दिसलं नाही असं कसं होईल? मग बाबांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाले, मीच मारली."

"तुझ्याकडे?"

"हो. मी मागे उभी होते." मारिटने डोळे पुसले. "आमचा वाद चाललाय, डॉक. मी त्यांना म्हटलंय, तुमचे डोळे धड आहेत तोवर इथे एकटे राहा. डोळे गेले की माझ्या घरी यायचं, कुरकुर चालणार नाही. पण डोळे धड असून हा माणूस असं वागत असेल, तर मी काय बोलू?"

ऑरिन आत स्वयंपाकघरात होता. "व्हर्ना का गं पोरी? बस. कॉफी घे," म्हणाला. किटली उचलली, कपाच्या काठावरून बोट आत घातलं आणि ओतली. बोटाला चटका बसला तसा थांबला. म्हाताऱ्यांच्या एकेक सवयी असतात, मी लक्ष दिलं नाही.

"मला रायफल बघायची आहे," व्हर्ना म्हणाली.

दाराआड उभी होती ती. आमच्याकडे दारं कुणी लावत नाही. रायफल हातात येताच ऑरिनचा आवाज बदलला, जरा तरुण झाला.

"दुर्बीण मी स्वतः बसवलीय. या हँडलच्या पाठीवर खाच असते ना, तीत दुर्बिणीखालचा हा तुकडा बसतो. मधल्या भोकातून स्क्रू, खालून ही चाकी. बोटाने आवळायची, मग नाण्याने थोडी. जास्त आवळलीस तर हँडल चेपतं, कमी आवळलीस तर चार गोळ्यांत दुर्बीण हलते. हातानेच कळतं ते." त्याचा अंगठा चाकीवरून फिरला. "सैन्यात या हँडलला धरून रायफल उचलली की सार्जंट आईबाप काढायचा. म्हणायचा, ही काय तुझ्या मावशीची पर्स आहे? मग हँडल दिलंत कशाला, असं विचारायची कुणाची छाती नव्हती."

"उंच बसते हो फार," मी म्हटलं.

"मूठभर उंच. एकावर एक मजला. दस्त्याला गाल टेकतच नाही, हनुवटी टेकवावी लागते. म्हणून ही मेंढीची कातडी बांधलीय. पण दिसतं काय सांगू! काल संध्याकाळीच बघत होतो. पलीकडच्या काठावरचं गवताचं पातं न् पातं दिसतं."

व्हर्नाने रायफल रिकामी असल्याची खात्री केली, खिडकीकडे रोखली आणि दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग तिने दुर्बिणीच्या पुढच्या तोंडात अंगठा फिरवला आणि तो जीन्सला पुसला. तांबडी माती होती त्याला.

"छान बसवलीय, ऑरिन," ती म्हणाली. तिचा आवाज असा मऊ झालेला मी आईच्या दफनानंतर ऐकला नव्हता.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय दिसलं तुला?"

"काहीच नाही," व्हर्ना म्हणाली आणि पुढच्या फाटकाकडे बोट दाखवलं.

३

खोऱ्यातलं तिसरं घर कॉरिनचं. दोन वर्षांपूर्वी सिअ‍ॅटलहून आली, शेळ्या पाळते, त्यांच्या दुधाचा साबण करते आणि तो आमच्या बायकांना आमच्याच किराणा दुकानात दामदुपटीने विकते. डचेसच्या भुंकण्यावरून तिने चर्चच्या जेवणात सगळ्यांदेखत एमेटला सुनावलं होतं, "त्या कुत्रीचा बंदोबस्त तुम्ही करा, नाहीतर मी करते." तिच्याकडे बंदूक नाही. पण ऑरिनची दाराआड असते, आणि दार उघडं असतं.

आम्हाला बघताच ती गडबडली. हातातलं भांडं तिने पाठीमागे लपवलं.

"लपवू नका, वास येतोय," व्हर्ना म्हणाली. "मटणाची हाडं आहेत. कुणासाठी?"

कॉरिन आधी लाल झाली, मग रडू लागली. "रोज संध्याकाळी कुंपणापाशी यायची ती. खायला दिलं की भुंकत नाही, हे मला उशिरा कळलं. एमेटला सांगू नका हं. राखणीच्या कुत्रीला परक्याने खायला घालू नये म्हणतात ना इथे? काल हाक मारमार मारली. आलीच नाही."

"गोळीचा आवाज ऐकलात?"

"ऐकला. मी दूध काढत होते. आणि आवाजाला लागूनच दुसरा आवाज. ठण्ण! शाळेच्या घंटेसारखा. शेळीने बादलीच लवंडली."

"आणि दुसरी गोळी?"

"एकच झाली. कान चांगले आहेत माझे, म्हणून तर त्या भुंकण्याने जीव जायचा."

तिथून आम्ही एमेटकडे गेलो. त्याने राजमा-खिम्याची तिखट उसळ गरम केली होती, बाजूला दालचिनीचे गोड पाव. आमच्याकडे हे दोन्ही एकत्रच खातात, शाळेपासूनची सवय. त्याने तिघांची पानं वाढली आणि स्वतः चमचा उचललाच नाही.

"रागाने मारली असती तर समजू शकलो असतो," तो म्हणाला. आता यंत्रं कानात होती, आवाज खाली आला होता. "पण तो थंडपणे म्हणाला, मेंढ्यांत शिरली. तिला पिल्लू असताना त्यानेच बाटलीने दूध पाजलंय, व्हर्ना. इतक्या वर्षांत मला हा माणूस कळलाच नाही म्हणायचा."

"काल संध्याकाळी तू कुठे होतास?"

"इथेच, आवारात. टेकडीवर कोल्हा आला होता. एक गोळी झाडली, चुकली, पळाला. मग घरात आलो. त्यानंतरच झाडली असेल त्याने."

"त्याची गोळी ऐकलीस?"

"कशी ऐकणार? झाडताना यंत्रं काढून खिशात ठेवतो. नाहीतर कानात वीज पडल्यासारखं होतं. नंतर यंत्रं जेवायच्या वेळी आठवली."

"दुर्बिणीतून झाडलीस?"

"हो तर. सप्टेंबरात बसवून घेतली, ऑरिनसारखीच, हँडलवर. जन्मभर नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवर नेम धरला, पण आता माशीच दिसेना."

व्हर्नाने पाव उसळीत बुडवला, खाल्ला आणि माझ्याकडे वळली. "क्ले, तू हिशेबात कच्चा, तरी सांग. एमेट म्हणतो मी एक झाडली. ऑरिन म्हणतो मी एक झाडली. आणि धड कानांच्या बाईने ऐकली एकच."

माझा घास तसाच राहिला.

"एमेट," ती उठत म्हणाली, "रायफल घे. रिकामी. आणि कानातलं काढू नकोस."

४

एमेटच्या आवारात मेंढ्यांच्या गोठ्यापुढे चाऱ्याचं एक पिंप आडवं पडलेलं असतं. दहा-बारा पावलांवर लोखंडी नळांचं फाटक, आणि त्यापलीकडे चढ. चढाच्या उजवीकडे टेकडी, डावीकडे खाली नाला. फाटक हिरवं होतं. एमेटची सगळीच फाटकं हिरवी आहेत, ट्रॅक्टरचा उरलेला रंग तो वाया जाऊ देत नाही. ऑरिनची फाटकं गंजलेली, कॉरिनची लाकडी.

मला बाटलीतल्या तुकड्याचा हिरवा कण आठवला.

"कालच्यासारखा बस," व्हर्ना म्हणाली.

एमेट कण्हत गुडघ्यांवर बसला. पिंपावर हात टेकून त्याने रायफल लावली, त्याच्याही दस्त्याला बांधलेल्या कातडीवर हनुवटी ठेवली.

"काय दिसतं?"

"टेकडी. झुडुपं. कोल्हा त्या दगडापाशी होता."

"फाटक दिसतं?"

"नाही. फाटक खाली राहिलं. साफ दिसतंय सगळं."

"हलू नकोस. रायफल आहे तशीच धर. फक्त डोळा काढ दुर्बिणीतून, आणि मान खाली घालून नळीच्या रेषेत बघ."

एमेटने मान खाली घातली.

मला बघायची गरज नव्हती. नळी सरळ फाटकाच्या वरच्या नळाकडे रोखलेली होती. दुर्बीण वरच्या मजल्यावर, गोळी तळमजल्यावर. लांबवर दोघींची गाठ पडते, पण बारा पावलांवर मूठभर अंतर तसंच राहतं. डोळ्याला मोकळी वाट दिसते आणि गोळी समोरच्या आडकाठीवर आदळते. साध्या माशीवर नेम धरत होता तेव्हा डोळा खाली असायचा, फाटक नजरेत यायचं.

व्हर्ना फाटकापाशी गेली. वरच्या नळावर बोटभर लांब चकचकीत ओरखडा होता, रंग उडालेला, कडेला पत्रा फाटलेला. "इथे फुटली गोळी. तुकडे वाटेल तिकडे उडाले. एक खाली नाल्याकडे गेला. ठण्ण झालं ते तू ऐकलं नाहीस, कारण तुझे कान तुझ्या खिशात होते."

एमेट पिंपावर बसला. मोठा माणूस तो, पण त्या वेळी अगदी लहान दिसत होता.

"मी," तो म्हणाला. "माझ्याच डचेसला मी." मग त्याने मान वर केली. "मग ऑरिन का म्हणाला, मी केलं?"

आता व्हर्नाही पिंपावर त्याच्या शेजारी बसली.

"त्याच्या दुर्बिणीतून मी बघितलं. मिट्ट काळोख. पुढच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय, पार बुजवून टाकलंय. ती माशी उन्हाळ्यात बांधते, आता ऑक्टोबर संपत आला. म्हणजे उन्हाळ्यापासून त्या दुर्बिणीला कुणी डोळा लावलेला नाही. आणि तो म्हणतो, काल बघितलं, गवताचं पातं न् पातं दिसलं. त्याने ती हाताने चाचपून बसवलीय, एमेट. कॉफीसुद्धा बोट बुडवून ओततो. त्याला दिसत नाही."

"पण सांगायचं ना मला!"

"कुणासमोर? तू विचारलंस, तुझ्या डोळ्यांसमोर झालं, तुला दिसलं कसं नाही? मागे मारिट उभी. डोळे आहेत तोवर घर आहे. मी काही बघितलं नाही म्हणाला असता, तर डोळे गेल्याचं सांगितल्यासारखंच झालं असतं. त्याला एकच उत्तर सुचलं."

एमेटने टोपी काढून तोंडावर धरली.

"आता माझी पंचाईत बघ," व्हर्ना म्हणाली. "खरं बोलले तर त्याचं घर जातं, गप्प बसले तर त्याचा मित्र जातो. म्हणून मारिटला मी काही सांगितलेलं नाही. फक्त तुला सांगितलं. पुढे काय करायचं ते तू ठरव."

एमेटला ठरवायला फार वेळ लागला नाही. "डॉक, डचेसला गाडीत घालता येईल?" त्याने विचारलं.

५

ऑरिन ओसरीवर बसला होता. मारिट भांडी आवरत होती, ती हात पुसत बाहेर आली. एमेट पायऱ्यांशी उभा राहिला. माफी मागायची सवय नसलेला माणूस माफी मागतो तेव्हा आधी सगळं अंग हलतं आणि मग शब्द येतात.

"ऑरिन, गोळी माझी होती. फाटकाला लागून फुटली. डचेसला मी मारलं, तू नाही."

मारिटच पुढे झाली. "मग बाबा, तुम्ही का म्हणालात?"

त्या प्रश्नाची मला भीती होती. पण एमेट तयार होऊन आला होता.

"माझ्यासाठी गं," तो मोठ्याने म्हणाला. "याने बघितलं ना मला झाडताना, इथून सगळं दिसतं. कुत्रीला माझीच गोळी लागली हे मला कळू नये म्हणून अंगावर घेतलं याने. असाच आहे हा, पहिल्यापासून."

एमेट सँडविक जन्मात पहिल्यांदा खोटं बोलत होता, आणि इतकं वाईट बोलत होता की मी स्वतःच्या जोड्यांकडे बघायला लागलो. पण मारिटचा चेहरा निवळला. वाट मोकळी होती. ऑरिनने नुसती मान हलवली असती तर घरही राहिलं असतं आणि मित्रही. व्हर्नाने माझा दंड घट्ट धरला.

ऑरिनने मान हलवली नाही.

"नाही, मारिट," तो म्हणाला. "हा बनाव आहे. मी कुणाला बघितलं नाही. मला काही दिसलं नाही. उन्हाळ्यापासून मला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी घरासाठी खोटं बोललो आणि या बावळटाला दिवसभर रडवलं. आता हा माझ्यासाठी खोटं बोलतोय. बस झालं. कपडे भर माझे, मी येतो तुझ्याकडे."

मग मारिट खाली बसली, त्याच्या गुडघ्यापाशी.

"मी किती दिवस वाट बघतेय, तुम्ही मला हे सांगाल म्हणून," ती म्हणाली. "आंधळे झालात याचं मला काही नाही, बाबा. दर रविवारी फोनवर तुम्ही मला हरणं दिसली म्हणून सांगायचात. मी खरं मानल्यासारखं दाखवायचे, आणि फोन ठेवल्यावर रडायचे. जो माणूस पडला तरी मला सांगणार नाही, त्याला मी एकटं कसं ठेवू?"

"मी सांगेन तुला," एमेट म्हणाला. "रोज सकाळी येऊन बघून जाईन आणि पडला तर सांगेन. न पडला तरी सांगेन."

"तुम्हाला फोन ऐकू येतो का, काका?"

"नाही. पण याला येतो. हा ऐकेल, मी बघेन. दोघांत मिळून एक धड म्हातारा होतो की नाही?"

मारिट रडता रडता हसली. "हिवाळाभर बघू," ती म्हणाली. "रायफली दोन्ही मी घेऊन जाणार. दोन्ही, काका! आणि आता मला खोटं सांगितलंत, तर दोघांनाही गाडीत घालून नेईन."

"आधी मला एक विचारू दे," ऑरिन म्हणाला. "मला विचारायचा हक्क नव्हता. मारणाऱ्याने कसं विचारायचं? एमेट, ती जगली का?"

एमेट गाडीकडे वळला, मी मागून गेलो. दोघांनी मिळून तिला घोंगडीसकट उचललं आणि ओसरीवर ऑरिनच्या पायांशी ठेवलं. ऑरिन वाकला. त्याचे हात तिच्या डोक्यावरून मानेवर गेले, मानेवरून खांद्याच्या पट्ट्यांवर, आणि जिथे पाय नव्हता तिथे थांबले. डचेसने शेपूट एकदा फळीवर आपटलं.

एमेट त्याच्या कानाशी वाकला, पण बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही, त्यामुळे सगळ्या खोऱ्याला ऐकू गेलं.

"ऑरिन, ती तुझ्याकडेच बघतेय."

"ठाऊक आहे मला," ऑरिन म्हणाला.